लहान विमानाच्या इंजिनांतील आंच व धूर

थंडीच्या दिवसांत पहाटे पेटविलेला तांब्याचा बंब जुन्या पिढीच्या सर्वांच्या परिचयाचा आहे. मधोमध उभी नळी, तिच्या बुडाशीं जळणारे कोळसे आणि नळीच्या सभोंवार पाणी, अशी त्याची साधी रचना. जळणाची आंच नळीच्या पत्र्यांतून पाण्यास मिळते आणि धूर वरच्यावर निघून जातो. ऊब हवी, धूर नको. आणि या दोहोंना वेगळें ठेवणारी वस्तु म्हणजे एक पातळ पत्रा. चार आसनांच्या लहान विमानांत बसणाऱ्या माणसांना थंडींत ऊब मिळते ती बहुधा याच युक्तीनें. तेथें पाण्याच्या जागीं हवा असते आणि बंबाच्या नळीच्या जागीं इंजिनाचा धूर बाहेर टाकणारी नळी असते. बंबाची नळी चिरली तर फार झालें तर विस्तव विझेल व स्नानास उशीर होईल. विमानांतील नळीस चीर पडली तर माणसें दगावतात.

दट्ट्याच्या इंजिनावर चालणाऱ्या विमानांत पेट्रोल जाळून जी उष्णता मिळते तिचा हिशेब मांडला, तर तो प्रथमदर्शनीं तोट्याचाच वाटतो. पुढचा पंखा फिरविण्याच्या कामीं तिचा एक चतुर्थांश ते एक तृतीयांश एवढाच भाग येतो. सर्वांत मोठा वांटा, म्हणजे शेंकडा ४० किंवा त्याहूनहि अधिक, जळून गेलेल्या वायूंबरोबर धुराड्यावाटे निघून जातो. उरलेली उष्णता सिलिंडरच्या भिंतींतून आणि वंगणाच्या तेलांतून बाहेर काढावी लागते. ती काढली नाहीं तर इंजिन स्वतःच्याच आंचेनें नष्ट होईल. पंखा, धुराडें, सिलिंडरच्या भिंती आणि तेल, अशा या चार वाटा आहेत. एका वाटेनें जाणारी उष्णता कमी केली कीं ती दुसऱ्या कोणत्या तरी वाटेवर येऊन उभी राहते. इंजिनाचें उष्णतामान सांभाळणें काय किंवा जुनें धुराडें काढून सुधारलेलें बसविणें काय, दोन्ही गोष्टी म्हणजे ही वांटणी बदलणेंच होय. ती बदलतांना कोणाच्या वांट्यास काय आलें हें ज्यानें पाहिलें नाहीं, त्याला सुधारणा महागांत पडते.

हा प्रश्न विमानाच्या जन्माइतकाच जुना आहे. १७ डिसेंबर १९०३ रोजीं राइट बंधूंचें विमान हवेंत गेलें. त्याचें चार सिलिंडरांचें इंजिन त्यांचे कारागीर चार्ल्स टेलर यांनीं घडविलें होतें. चालू करतांच तें सुमारें १६ अश्वशक्ति देई; पण थोड्याच वेळांत तें तापे, आंत येणारी हवा त्या तापानें विरळ होई आणि शक्ति १२ वर उतरे. २५ जुलै १९०९ रोजीं लुई ब्लेरिओ यांनीं इंग्लिश खाडी ओलांडली ती २५ अश्वशक्तीच्या, तीन सिलिंडरांच्या आंझानी इंजिनावर. तें इंजिन तापण्याबद्दल प्रसिद्ध होतें. वाटेंत आलेल्या पावसाच्या सरीनें तें निवविलें म्हणूनच खाडी पार झाली, अशी आख्यायिका अजूनहि सांगितली जाते.

मोटारगाडींत सिलिंडरभोंवतीं पाणी खेळवून उष्णता काढून घेतात. विमानांत तें पाणी, त्याच्या नळ्या आणि रेडिएटर यांचें ओझें वाहावें लागतें, आणि एक नळी फुटली तरी इंजिन निकामी होतें. म्हणून लहान विमानांत सिलिंडरवर वाहत्या हवेचाच झोत सोडण्याची रीति रूढ झाली. आरंभीं यासाठीं विलक्षण उपाय योजले गेले. फ्रान्समध्यें १९०८-०९ च्या सुमारास निघालेल्या नोम इंजिनांत पंख्याबरोबर सगळें इंजिनच गरगर फिरे, आणि त्या फिरण्यानेंच सिलिंडरांना वारा लागे. पुढें पहिल्या महायुद्धाच्या काळांत इंग्लंडांतील फार्नबरो येथील सरकारी विमान-कारखान्यांत प्राध्यापक गिब्सन व सॅम्युएल हेरन यांनीं स्थिर इंजिनाचा प्रश्न हातीं घेतला. सिलिंडरचा माथा ॲल्युमिनियमचा करून त्यावर पातळ पात्यांच्या रांगा कशा व किती असाव्या, याचा त्यांनीं पद्धतशीर अभ्यास केला. पातीं जितकीं अधिक तितका हवेला स्पर्श करणारा पृष्ठभाग मोठा, आणि तितकी उष्णता लवकर निघून जाणार.

हेरन पुढें अमेरिकेंत गेले आणि तेथें त्यांनीं निकासाच्या झडपेकडे लक्ष वळविलें. जळलेले वायु बाहेर सोडणारी ही झडप इंजिनांतील अत्यंत तापणारी वस्तु. ती आंतून लालबुंद होते आणि मिनिटाला हजाराहून अधिक वेळां उघडझांप करते. हेरन यांनीं तिचा दांडा पोकळ करून त्यांत सोडियम ही धातु भरली. सोडियम ९८ अंश सेल्सिअसला वितळतें. झडप हलतांना तें आंत हिंदकळतें आणि झडपेच्या डोक्याकडील उष्णता दांड्याकडे व तेथून सिलिंडरच्या माथ्याकडे पोंचवितें. अशा प्रयत्नांचें फळ म्हणजे १९२७ च्या मे महिन्यांत चार्ल्स लिंडबर्ग न्यूयॉर्कहून पॅरिसला एकटे गेले, तेव्हां त्यांचें नऊ सिलिंडरांचें, हवेनें निवणारें इंजिन साडेतेहतीस तास अखंड चाललें. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गें टपाल घेऊन मुंबईस जुहू येथें उतरले, तें पस मॉथ विमानहि हवेनें निवणाऱ्या चार सिलिंडरांच्या इंजिनावरच चालत होतें.

आजच्या लहान विमानांचा नमुना म्हणून सेस्ना १७२ हें विमान घेतां येईल. १९५६ पासून या जातीचीं ४४ हजारांहून अधिक विमानें बनलीं. जगांत दुसरें कोणतेंहि विमान इतक्या संख्येनें बनलेलें नाहीं. १९६८ पासून त्यांत लायकमिंग इंजिन बसविण्यास आरंभ झाला. या इंजिनांत चार सिलिंडर दोन-दोन समोरासमोर आडवे असतात, आणि त्यावर पत्र्याचें आच्छादन असतें. आच्छादनाला नाकाशीं, पंख्याच्या दोहों बाजूंस, दोन तोंडें असतात. त्यांतून हवा आंत येते ती प्रथम सिलिंडरांच्या वरच्या पोकळींत सांठते, नंतर पात्यांच्या फटींतून खालीं उतरते आणि बुडाशीं असलेल्या वाटेनें बाहेर जाते. वर दाब अधिक व खालीं कमी, या फरकावरच सारा व्यवहार चालतो.

आच्छादन लावलें तर इंजिनाला वारा कमी लागून तें अधिक तापेल, असें साध्या तर्कानें वाटतें. अमेरिकेच्या सरकारी विमानविद्या समितीनें, जी नाका या आद्याक्षरांनीं ओळखली जाते, १९२८ च्या सुमारास फ्रेड वाइक यांच्या देखरेखीखालीं केलेल्या प्रयोगांनीं उलट गोष्ट सिद्ध केली. नीट आंखलेल्या आच्छादनानें इंजिन थंड राहिलें. इतकेंच नव्हे, तर कर्टिस हॉक या विमानाचा वेग ताशीं ११८ मैलांवरून १३७ मैलांवर गेला. याचें कारण असें कीं, मोकाट वारा सिलिंडरच्या तोंडावर आपटून बाजूनें पळून जातो, आणि बांधलेली हवा प्रत्येक पात्यामधून जाते. हवेला नुसती वाट देऊन भागत नाहीं; तिला चोरवाटेनें पळूं न देणें हेंहि तितकेंच महत्त्वाचें असतें. सिलिंडरांच्या भोंवतीं पत्र्याचे आडपडदे आणि त्यांच्या कडांना रबराच्या पट्ट्या बसवितात त्या यासाठींच. यांतील एक पट्टी दुमडली किंवा फाटली कीं हवा त्या फटींतून निसटते, आणि दूरच्या एखाद्या सिलिंडरचा माथा तापूं लागतो. इंजिन फार तापतें म्हणून येणाऱ्या कित्येक तक्रारींचें मूळ अशा एका दुमडलेल्या पट्टींत सांपडतें.

सिलिंडरच्या माथ्याचें उष्णतामान किती असावें, याला ठराविक मर्यादा आहेत. लायकमिंग इंजिनांसाठीं कमाल मर्यादा २६० अंश सेल्सिअसची आहे. पण इंजिन दीर्घकाल टिकावें असें ज्याला वाटतें, त्यानें वेगाच्या प्रवासांत तें सुमारें २२४ अंशांच्या आंत व काटकसरीच्या प्रवासांत २०४ अंशांच्या आंत ठेवावें, असा त्या कंपनीचा उपदेश आहे. २०० अंशांच्या पलीकडे ॲल्युमिनियमचा कणखरपणा झपाट्यानें कमी होऊं लागतो, हें यामागील कारण. मर्यादेच्या आंत राहूनहि जो सिलिंडर तासन्‌तास तापलेला राहतो, त्याला कालांतरानें तडा जातो, त्याची झडप जळते. इंजिन तात्काळ बंद पडत नाहीं. त्याचें आयुष्य मात्र निमूटपणें कमी होत जातें, आणि तें कमी होत असल्याचें कांट्याकडे पाहणाऱ्यालाच कळतें.

विमान जेव्हां चढत असतें तेव्हां हा कांटा सर्वांत वर जातो. त्या वेळीं इंजिन पूर्ण जोरानें चालतें आणि वेग मंद असल्यामुळें वारा कमी मिळतो. गोंदियासारख्या ठिकाणीं मे महिन्याच्या दुपारीं मुळांतच ४० अंशांच्या वर तापलेली हवा आंत येते. ती विरळहि असते. म्हणून अनुभवी वैमानिक जमिनीवर इंजिन चालू ठेवून उगाच थांबत नाहीं. थांबणें भाग पडलें तर विमानाचें नाक वाऱ्याकडे करतो. चढतांना नाक थोडें खालीं ठेवून वेग वाढवितो, कारण उंची मिळण्यास चार मिनिटें अधिक लागलीं तरी सिलिंडरांना वारा मिळतो. उतरतांनाहि तो जोर एकदम कमी करीत नाहीं. तापलेला सिलिंडर एकाएकीं थंड पडल्यानें त्याला तडे जातात किंवा नाहीं याविषयीं जाणकारांत मतभेद आहेत. तरी जोर टप्प्याटप्प्यानें उतरविण्यांत कांहीं नुकसान नाहीं.

वैमानिकाच्या हातांतील सर्वांत प्रभावी साधन म्हणजे पेट्रोल व हवा यांचें मिश्रण कमी-अधिक दाट करण्याची लाल मुठीची दांडी. एक भाग पेट्रोल आणि वजनानें सुमारें पंधरा भाग हवा, असें प्रमाण असलें कीं दोहोंपैकीं कांहीं शिल्लक न राहतां ज्वलन पूर्ण होतें. या प्रमाणाजवळ धुराड्यांतील वायूंचें उष्णतामान कळसास पोंचतें. तें ८०० अंशांच्याहि वर जाऊं शकतें. सिलिंडरचा माथा मात्र याहून किंचित् दाट मिश्रणावर सर्वाधिक तापतो. तेथून मिश्रण आणखी दाट केलें तरी माथा थंड होतो आणि बरेंच विरळ केलें तरीहि थंड होतो. दाट मिश्रणांतील जादा पेट्रोल पुरतें जळत नाहीं. तें ज्वलनाची गति मंद करतें आणि स्वतःची वाफ होतांना आंच शोषून घेतें. विरळ मिश्रणांत जादा हवा तेंच काम करते, आणि पेट्रोलहि वांचतें.

मग विरळ मिश्रणच सर्वदा कां वापरूं नये? एक कारण असें कीं, पूर्ण जोरानें चढतांना तेवढ्या मिश्रणांतून पुरेशी शक्ति मिळत नाहीं. दुसरें कारण असें कीं, कार्ब्युरेटर सर्व सिलिंडरांना सारखें पेट्रोल वाढीत नाहीं. एका पंगतींत वाढप्याचा हात जसा एका पानावर सढळ व दुसऱ्यावर आंखडता पडावा, तसा हा प्रकार. विरळ करीत गेलें असतां ज्याला कमी मिळतें तो सिलिंडर प्रथम अडखळतो आणि सारें विमान थरथरूं लागतें. त्याच वेळीं दुसरा सिलिंडर नेमका अति तापण्याच्या प्रमाणावर असूं शकतो. म्हणून प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र उष्णतामापक बसविण्याची चाल पडली. तो बसविल्यावांचून वैमानिक चार सिलिंडरांची सरासरी तरी पाहतो किंवा एकाच सिलिंडरची प्रकृति पाहून चौघांना औषध देतो.

या बाबतींत लिंडबर्ग यांचेंच नांव पुन्हां घ्यावें लागतें. १९४४ सालीं ते पॅसिफिक महासागरांतील अमेरिकन लढाऊ विमानदळांत जाऊन राहिले. तेथील पी-३८ विमानांचीं इंजिनें मोठीं व द्रवानें थंड होणारीं होतीं. परंतु मिश्रणाचें तत्त्व तेंच. इंजिनाचे फेरे कमी, आंतील दाब अधिक आणि मिश्रण विरळ ठेवून त्यांनीं दाखवून दिलें कीं, त्याच टाकींतील पेट्रोलवर विमान पुष्कळ दूर जाऊन परत येऊं शकतें. अशानें इंजिनें जळतील, अशी तेथील तरुण वैमानिकांना धास्ती होती. तीं जळलीं नाहींत.

मर्यादा ओलांडली तर काय होतें, हेंहि समजून घेतलें पाहिजे. सिलिंडरमध्यें ठिणगी पडल्यावर मिश्रण एका बाजूनें दुसऱ्या बाजूकडे, वाळलेल्या गवतास वणवा लागावा तसें, क्रमानें जळत जातें. माथा फार तापला असेल तर ज्योत पोंचण्यापूर्वींच उरलेलें मिश्रण एकदम स्फोट पावतें. धातूच्या पृष्ठभागाला चिकटून तिचें रक्षण करणारा शांत वायूचा पातळ थर या धक्क्यानें उडून जातो आणि आंच सरळ धातूला भिडते. धातु अधिक तापते, आणि मग एखादें लालबुंद टोंक ठिणगीच्या आधींच मिश्रण पेटवूं लागतें. ही अवस्था आली म्हणजे दट्ट्याला भोंक पडण्यास कित्येकदां एखादें मिनिटहि पुरतें.

आतां धुराड्याकडे वळावें. मूळच्या रचनेंत चार सिलिंडरांच्या चार नळ्या, ज्या लांबीच्या बसतील त्या लांबीच्या, एका डब्यांत आणून सोडलेल्या असतात. डब्यांत आवाज मंद होतो आणि तेथून एका शेंपटीवाटे धूर बाहेर पडतो. परंतु धूर अखंड वाहत नसून तो धक्क्याधक्क्यानें येतो. मिनिटाला २७०० फेरे घेणाऱ्या इंजिनांत प्रत्येक सिलिंडर सेकंदास सुमारें बावीस वेळां धूर सोडतो, आणि दर वेळीं झडप उघडी राहते ती सेकंदाच्या सुमारें पासष्टाव्या भागापुरती. एकाचा धक्का डब्यांत पसरतांना दुसऱ्याच्या नळींत उलटा शिरला, तर त्या दुसऱ्याचा धूर पुरता बाहेर पडत नाहीं. सिलिंडरमध्यें शिळा धूर उरतो आणि ताज्या मिश्रणाला तेवढी जागा कमी पडते.

सुधारलेल्या, म्हणजे सूर जुळविलेल्या, धुराड्यांत चारहि नळ्या जवळजवळ सारख्या लांबीच्या करून एका बिंदूशीं मिळवितात. दाबाचा धक्का त्या तापलेल्या वायूंतून सेकंदाला सुमारें ६०० मीटर वेगानें जातो, नळीच्या तोंडाशीं पोंचतो आणि तेथून उलट फिरतांना चोषणाची लाट होऊन परत येतो. ही लाट झडप मिटण्याच्या सुमारास सिलिंडरपाशीं पोंचावी अशी लांबी साधली, तर ती उरलासुरला धूर ओढून घेते आणि त्याच्यामागें ताजें मिश्रणहि अधिक येतें. बांसरीची लांबी बदलली कीं सूर बदलतो, त्याच नियमाचा हा उपयोग आहे. म्हणून एका विशिष्ट फेऱ्यांना जुळविलेलें धुराडें दुसऱ्या फेऱ्यांना तितका लाभ देत नाहीं.

अशा धुराड्यानें मिळणारा लाभ खरा आहे, पण तो एकदांच खर्च करतां येतो. वाढलेली शक्ति चढण्यासाठीं वापरली तर विमान लवकर वर जाईल; मात्र अधिक मिश्रण जळल्यामुळें सिलिंडरांनाहि अधिक उष्णता टाकावी लागेल, आणि ती नेण्यास हवेच्या त्याच जुन्या वाटा असतील. उलट, वेग पूर्वींइतकाच ठेवून जोर कमी केला तर पेट्रोल वांचेल आणि इंजिनहि निवांत राहील. ज्या मालकाचीं आडपडद्यांचीं रबरें फाटलेलीं आहेत, त्यानें प्रथम तीं बदलावींत, पूर्ण जोरावर इंजिनास पेट्रोल पुरेसें मिळतें कीं नाहीं हें मोजून घ्यावें, आणि मगच धुराड्याचा विचार करावा. नवी नळी जाडी असेल तर ती आच्छादनाखालची हवा बाहेर पडण्याची वाटहि अडवूं शकते. शेजारच्या तेलाच्या व पेट्रोलच्या नळ्यांना तिची झळ लागूं शकते. यासाठींच प्रमाणित विमानावर असा बदल मनास येईल तसा करतां येत नाहीं. त्या जातीच्या विमानासाठीं त्याची परीक्षा होऊन सरकारी अनुमति मिळालेली असावी लागते.

येथवर इंजिनाच्या प्रकृतीचा विचार झाला. परंतु या हिशेबांत माणसाच्या जिवाची एक बाब आहे, आणि तिच्यासाठीं आरंभीच्या बंबाकडे परत यावें लागतें. धुराड्याच्या डब्याभोंवतीं पत्र्याचें दुसरें वेष्टन घालून मधल्या पोकळींतून बाहेरची हवा खेळवितात. ती तापते आणि नळीनें बैठकींत सोडली जाते. डबा चांगल्या पोलादाचा असला तरी दर उड्डाणाला तो शेंकडों अंश तापतो व पुन्हां निवतो, इंजिनाबरोबर थरथरतो, आणि आंतून धुरानें झिजतो. एक दिवस त्याला केसासारखी चीर पडते. ती वेष्टनाखालीं झांकलेली असल्यामुळें वरून दिसत नाहीं. त्या चिरेंतून कार्बन मोनॉक्साइड हा वायु बैठकींत येऊं लागतो.

या वायूला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील प्राणवायु वाहून नेणारें द्रव्य प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पटींनीं त्याला घट्ट धरतें; त्यामुळें हवेंतील अल्पसा अंशहि हळूहळू रक्त व्यापतो. डोकें दुखतें, विचार मंदावतो, झोंप येते. आणि ज्याच्यावर हा परिणाम होतो त्यालाच तो ओळखण्याची शक्ति उरत नाहीं. उंचीवर मुळांतच प्राणवायु कमी, म्हणून तेथें थोडा विषवायुहि अधिक भोंवतो. येथेंच मिश्रणाचा पूर्वींचा हिशेब पुन्हां पुढें येतो. हा वायु अपुऱ्या ज्वलनानें होतो. म्हणजे सिलिंडर थंड राहावेत म्हणून वैमानिक जें दाट मिश्रण वापरतो, त्याच्याच धुरांत तो सर्वांत अधिक असतो. विरळ मिश्रणाच्या धुरांत तो अगदीं थोडा असतो. इंजिनाला निववून त्याचें आयुष्य वाढविणारा उपाय, धुराडें फुटकें असल्यास, आंत बसलेल्यांचें आयुष्य तोडणारा ठरतो.

२१ जानेवारी २०१९ च्या रात्रीं आर्जेंटिनाचे फुटबॉलपटू एमिलियानो साला हे फ्रान्समधील नांत येथून कार्डिफला एका इंजिनाच्या पायपर मालिबू विमानानें निघाले. तें विमान इंग्लिश खाडींत कोसळलें. साला व वैमानिक दोघेहि मृत्यु पावले. साला यांच्या रक्ताची तपासणी झाली तेव्हां त्यांतील शेंकडा ५८ भाग या विषवायूनें व्यापलेला आढळला. ब्रिटनच्या विमान-अपघात-तपास शाखेनें मार्च २०२० मध्यें अहवाल प्रसिद्ध केला. रात्रींच्या उड्डाणाची पात्रता नसतां वैमानिकानें विमान नेलें होतें, तें भाडोत्री प्रवासाला अधिकृत नव्हतें, वेग फार वाढून तें हवेंतच मोडलें, हीं कारणें अहवालांत आहेत; आणि वैमानिकालाहि विषवायु बहुधा बाधला होता, असा निष्कर्ष आहे. अवशेष समुद्रतळाशींच राहिल्यामुळें गळती नेमकी कोठें होती हें पाहतां आलें नाहीं. या वायूची सूचना देणारी घंटा त्या विमानांत असती, तर वैमानिकाला वेळेवर सावध होतां आलें असतें.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक-सुरक्षा मंडळानें १९८२ ते २०२० या काळांतील नोंदी तपासून या वायूमुळें झालेले ३१ अपघात शोधून काढले. त्यांपैकीं २३ प्राणघातक होते व त्यांत ४२ माणसें गेलीं. त्या ३१ विमानांपैकीं केवळ एका विमानांत वायुसूचक सांपडला. म्हणून जानेवारी २०२२ मध्यें मंडळानें अशी शिफारस केली कीं, दट्ट्याच्या इंजिनाच्या प्रत्येक बंदिस्त विमानांत असा सूचक असावा. रंग बदलणारा कागदी ठिपका स्वस्त मिळतो. पण तो जुना झाला कीं निरुपयोगी होतो, आणि डोकें जड झालेला माणूस त्याच्याकडे पाहील याचा भरंवसा नाहीं. आवाज करणारें विजेवरचें उपकरण माणसाला स्वतः हांक मारतें.

धुराड्याची तपासणी करण्याची रीति मात्र अगदीं घरगुती आहे. शेंपटीच्या तोंडाला झाडणयंत्राचा उलटा झोत लावून आंत हवा भरतात आणि वेष्टन काढून सांध्यांवर साबणाचें पाणी सोडतात. जेथें बुडबुडे येतील तेथें चीर. सायकलच्या ट्यूबचें पंक्चर काढणाऱ्या मुलालाहि हें शास्त्र ठाऊक असतें. चीर सांपडली तर तिच्यावर साध्या पेन्सिलीनें खूण करूं नये, असा कारागिरांचा कटाक्ष असतो. पेन्सिलींतील कार्बन तापलेल्या धातूंत मुरतो आणि त्याच जागीं नवी चीर पडते. डब्याच्या आंतील आडपत्रेहि पाहावे लागतात. त्यांचा एखादा तुकडा सुटून शेंपटींत अडकला तर धूर कोंडून इंजिनाची शक्ति ऐन उड्डाणांत जाते.

हवेंत असतां सूचक वाजला, किंवा नुसतें कपाळ दुखूं लागलें आणि धुराचा वास आला, तर वैमानिकानें करावयाचीं कामें थोडीं आहेत. ऊब देणारी नळी बंद करावी, बाहेरच्या हवेचे झरोके उघडावे, प्राणवायूची सोय असेल तर तो घ्यावा आणि जवळच्या विमानतळावर उतरावें. थंडी वाजते म्हणून नळी पुन्हां उघडण्याचा मोह आवरावा. उतरल्यावर बरें वाटलें तरी धुराडें तपासल्याशिवाय तें विमान पुन्हां उडवूं नये. रक्तांतील हा वायु साधी हवा घेऊन निम्मा होण्यास चार-पांच तास लागतात, आणि डब्याची चीर तर आपोआप बुजतच नाहीं.

या सर्व गोष्टी विमान नसलेल्या कुटुंबालाहि लागू पडतात. दारें-खिडक्या लावून शेगडी पेटविणाऱ्या घरांत, किंवा झरोका नसलेल्या न्हाणीघरांत गॅसचा गिझर चालविणाऱ्या बिऱ्हाडांत, तोच वायु त्याच रीतीनें येतो. तेथेंहि आंच कोठें जाते एवढेंच पाहून भागत नाहीं. तिच्याबरोबर निघालेला धूर कोठें जातो, हें दर थंडीच्या आरंभीं एकदां उठून पाहून घ्यावें लागतें.